जागा नाही, उद्या या

"मॅडम, आज अंकलचं काम करून टाकलं मी," प्रियांका म्हणाली, आणि साधनाला आधी वाटलं, बँकेचं किंवा गॅसच्या नोंदणीचं काहीतरी असेल. ती नुकतीच हुबळीहून आली होती. परीक्षा केंद्रांची बैठक होती, गोकुळ रोडच्या बाजूला एका शाळेत, आणि बैठक म्हणजे काय, एकानं माइकवर वाचायचं आणि बाकीच्यांनी चहा कधी येतो त्याची वाट बघायची. येताना बसमध्ये नवलूरपर्यंत उभं राहावं लागलं, गुडघे भरून आले होते. तिनं पर्स टेबलावर ठेवली, बाटलीचं झाकण काढलं. "कसलं काम?" "अहो, आले होते की ते, रोजच्यासारखे. मधली सुट्टी संपली आणि आले. मी तुमच्या खुर्चीत बसले होते, त्या अमरगोळच्या पालकांशी बोलत. अंकल आत येऊन भावाला पाचवीत घ्या म्हणाले. मला बघवेना, मॅडम. रोज येतात, रोज हात जोडतात, रोज तुम्ही जागा नाही म्हणता आणि ते मान खाली घालून जातात. म्हणून मी म्हटलं, झाला प्रवेश, अंकल, सोमवारपासून पाठवा त्याला. असे हसले म्हणता. मला दोनदा थँक्यू म्हणाले." साधनानं सगळी बाटली रिकामी केली. प्रियांका शाबासकीची वाट बघत उभी होती, आणि का नसावी. पोरगी चांगली आहे, मनानं मऊ आहे, आणि महिनाअखेरीस साधना निवृत्त झाली की हीच या खुर्चीत बसायची आहे. "बरं केलंस," साधना म्हणाली. प्रियांका तासाला गेली. साधनानं बाटलीचं झाकण लावायला घेतलं तर ते आट्यांवर बसेना, तिनं बाटली तशीच उघडी ठेवली.

या पोरीला सांगायचं तरी कसं. साधना उजागरे मॅडम कडक, हे सगळ्या धारवाडाला ठाऊक, उशिरा येणाऱ्या पोरांचे बाप फाटकापाशीच पोराला सोडून पळ काढतात, तेव्हा नवऱ्यालाही ही बाई रोज नकार देते यात कुणाला नवल वाटलं नसेल. पण तो कडकपणा नव्हता, तो निव्वळ स्वार्थ होता. उद्या या म्हटलं की तो उद्या यायचा. प्रवेश मिळाल्यावर कशाला येईल? शाळेच्या आवारातच क्वार्टर, चाफ्याच्या झाडापलीकडं, तिथून इथवर यायला त्याला पायऱ्या तेवढ्या उतराव्या लागायच्या, मागं दुर्गव्वा असायचीच. दुर्गव्वा त्याला सांभाळायला ठेवलेली बाई, अंगानं दणकट, बोलायला गोड. साठी उलटायच्या आतच नवऱ्याचं, शमुवेलचं, विसरणं सुरू झालं होतं. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, पण नाव कळून करायचं काय. घरात तो तिला अक्का म्हणायचा. घर कुणाचं आहे, भाडं किती, आमच्यामुळं तुम्हाला त्रास होतोय का अक्का, असं अदबीनं विचारायचा, आणि परक्या बाईच्या खोलीत कसं निजायचं म्हणून बाहेरच्या सोप्यात अंथरूण घालून घ्यायचा. तिच्या तोंडाकडं बघायचा नाही. परस्त्रीच्या तोंडाकडं बघत राहू नये, असं त्याच्या आईचं वळण. माणूस सगळं विसरला, ते वळण तेवढं विसरला नाही. आणि तोच शमुवेल दुपारी तोंड धुऊन, कॉलर नीट करून ऑफिसच्या दारात उभा राहायचा, "आत येऊ का, मॅडम?" आणि आत येऊन तिच्याकडं बघायचा. सरळ, तोंडाकडं, डोळ्यांत. ती घटकाभराची भेट हाच तिचा संसार होता. बाकीचा दिवस नुसती नोकरी आणि चाकरी.

पहिल्यांदा तो असा आला तेव्हा तिला आधी हसू आलं होतं आणि मग ती हसायची थांबली होती, कारण ही वाक्यं तिनं ऐकलेली होती. शब्दाला शब्द. नव्यानं नोकरीला लागली होती ती तेव्हा, नाताळ नुकताच झालेला, आणि मोठ्या बाई म्हणजे अंबूताई भावाकडं कोल्हापूरला गेल्या होत्या. जाताना साधनाला ऑफिसात बसवून गेल्या. कुणी प्रवेशाला आलं तर जागा नाही म्हण, निम्मं वर्ष सरलंय, फारच मागं लागला तर उद्या या म्हण, मी आल्यावर बघीन. आणि पहिल्याच दिवशी हा आला. उंच, हडकुळा, कितीही धुतलं तरी नखांत काळं राहिलेले हात. गोकुळ रोडच्या एका कारखान्यात लागला होता, मिरजेकडं वडील वारले म्हणून आईला आणि धाकट्या भावाला, संतोषला, इकडं घेऊन आला होता. "मॅडम, भावाला पाचवीत घ्या. कन्नड येत नाही त्याला. मराठी तुकडी तुमच्याकडंच आहे म्हणतात." मॅडम. तिला तोवर कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. जागा नाही, उद्या या, ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तो आला. जागा नाही, उद्या या. तिसऱ्या दिवशी, आता लपवायचं काय, ती सकाळपासून फाटकाकडं बघत होती. जागा होती की. मराठी पाचवीत मागच्या बाकांच्या दोन ओळी मोकळ्या होत्या, पोरं त्यांच्यावर शाई सांडायची. पण प्रवेश दिला की हा माणूस भावाला सोडून कारखान्यात निघून जाणार, आणि मग कुठला यायला. असा आठवडा तिनं काढला, आणि अंबूताई यायच्या आदल्या दिवशी, त्या आल्यावर खरोखरच नाही म्हणतील या भीतीनं, नसलेला अधिकार वापरून म्हणून टाकलं, "पाठवा त्याला, सोमवारपासून." प्रियांकानं नेमकं तेच वाक्य कुठून आणलं देव जाणे. आता शाळेत मराठी तुकडी नाही, केव्हाच बंद झाली, त्या वर्गात संगणक ठेवलेत. आणि संतोष मस्कतला, केस पिकलेला, फोनवर दिसला की शमुवेल विचारतो, हे साहेब कोण. म्हणजे साधना रोज जागा नाही म्हणायची ते खोटंसुद्धा नव्हतं. पहिल्या वेळी खोटं होतं, आता खरं होतं, एवढाच काय तो फरक.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा. तरी ती दुपारपर्यंत थांबली. शिपाई कुलूप घेऊन दोनदा डोकावून गेला. व्हरांड्यात नाताळचा तारा अजून टांगलेला होता, कागद एका बाजूनं फाटलेला, उतरवायला कुणाला सवड झाली नव्हती. वाऱ्यानं तो एवढासा वळायचा आणि परत यायचा. तो येणार नाही हे तिला ठाऊक होतं. तरी कुणाची चाहूल लागली की ती मान वर करायची, कधी क्रीडाशिक्षक असायचे, कधी कुणाची राहिलेली डब्याची पिशवी न्यायला आलेलं पोर. शेवटी दुर्गव्वाच आली, पदरानं तोंड पुसत. "अव्वारी, सायेब येतच नाहीत बघा. चला शाळेला म्हटलं तर, आता कशाला, काम झालं की, म्हणतात. खुशीत हायेत. दोनदा चहा मागून घेतला." सकाळी काय खाल्लं ते ज्याला दुपारी आठवत नाही, त्याला प्रवेश झालेला आठवत होता. आठवणार नाही तर काय, ही गोष्ट नवी थोडीच होती, ती जुनीच होती, जुनी ती सगळी शाबूत होती. साधना म्हणाली, "जा तू, मी आले," आणि कुलूप लागेपर्यंत तशीच बसून राहिली.

घरी तो खिडकीपाशी बसून एक फडकं घडी करत होता, उलगडत होता, परत घडी करत होता. "या अक्का," म्हणाला, तिच्याच घरात. ती पलीकडच्या खुर्चीवर बसली. या खोलीत मुलगी रूथ लहान असताना रोज सात वाजता कुटुंबाची प्रार्थना व्हायची. शमुवेल कारखान्यातून सुटून हुबळीहून बस पकडून यायचा, आंघोळ करून पोरीला शेजारी घ्यायचा, एक गायन, एक वचन, मग तिघांनी मिळून प्रभूची प्रार्थना. तिघांनी म्हणजे म्हणण्यापुरतं. साधना शाळेतच असायची, कधी सराव परीक्षेचे पेपर, कधी कुणाच्या पोराची मारामारी, कधी व्यवस्थापनाची माणसं, ती धावत पायऱ्या चढायची तेव्हा आतून त्या दोघांचा आमेन ऐकू यायचा. शमुवेल हसायचा. आमेनला पोचणारी आई, असं त्यानं नाव ठेवलं होतं, आणि रूथनं ते उचललं होतं, वाढदिवसाच्या कार्डावरसुद्धा लिहिलं होतं एकदा. त्यात टोमणा नव्हता. त्याच्या कुठल्याच बोलण्यात कधी टोमणा नव्हता, हीच त्या माणसाची पंचाईत. भांडायचं तरी कशावरून. ती म्हणायची, रिटायर झाले की सगळ्या संध्याकाळी तुमच्या. तो म्हणायचा, काही घाई नाही. शेकडो मुलांची नावं तिच्या तोंडपाठ, कुणाचा बाप दारू पितो, कुणाला दम्याचा त्रास, कोण बाकावर डोकं टेकून खरंच झोपलंय आणि कोण रडतंय, हे तिला मागून पाठ बघून कळायचं. शाळेनं तिला काही कमी दिलं नाही. पण रिटायर व्हायच्या महिन्यातच त्या सगळ्या संध्याकाळी समोर येऊन बसल्या होत्या आणि त्यांना तिची ओळख पटत नव्हती. तिला रडू आलं. ती सरळ रडली, त्याच्यासमोर, पदर डोळ्यांना लावून. शमुवेलनं फडकं तिच्यापुढं केलं. "घ्या अक्का. घरातलं कुणी गेलंय का?" ती नाही म्हणाली. मग विचार करून हो म्हणाली. "देव आहे," तो म्हणाला, आणि पुन्हा बाहेर बघायला लागला.

पुण्याहून रूथचा फोन आला तेव्हा ती सावरली होती. रूथचं म्हणणं नेहमीचं, आई, क्वार्टर सोडायचंच आहे ना, मग सप्तापूरला फ्लॅट कशाला बघतेस, इकडं या दोघं, इथं अशा लोकांसाठी चांगल्या जागा आहेत, दिवसभर सांभाळतात. अशा लोकांसाठी. साधना म्हणाली, बघू. तिच्या मनात वेगळंच होतं आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. खुर्ची गेल्यावर काय करायचं ते तिनं ठरवून ठेवलं होतं. सप्तापूरच्या फ्लॅटमध्ये पुढच्या खोलीत एक टेबल टाकायचं, मागं ऑफिसातल्या भिंतीवरचीच शाळेच्या घंटेची तसबीर लावायची, टेबलावर पेपरवेट ठेवायचे, आणि दुपारी साडी नेसून तिथं जाऊन बसायचं. तो येईल, आत येऊ का मॅडम म्हणेल, आपण म्हणू जागा नाही, उद्या या. माणसं याहून वेडेपणा करतात. पण आता त्या टेबलाचा उपयोग नव्हता. प्रवेश झाला होता.

रविवारी ती त्याला उपासनेला घेऊन गेली. चर्चला ते दोघं अजून देऊळच म्हणत, मिरजेकडचा शब्द. गायनं त्याला येत होती, एकूण एक, पुस्तक उघडायचीसुद्धा गरज नाही, आणि तो खणखणीत म्हणत होता, शेजारची मंडळी वळून बघत होती. तिच्या शेजारी उभा राहून तो गात होता आणि ती कोण ते त्याला ठाऊक नव्हतं. पाळकांनी जाताना तिचा हात हातात घेतला, निवृत्तीच्या दिवशी शाळेत प्रार्थनेला येतो म्हणाले. घरी मटण केलं होतं, रविवारचं मटण चुकायचं नाही हा त्याचाच नेम. तो हाड चोखत होता आणि मधेच थांबून म्हणाला, "अक्का, एक विचारू? हसू नका." "हसत नाही, विचारा." "इथं नवलूरचे पेरू कुठं मिळतात? चांगले, आत पांढरे, बिया कमी." साधनाच्या हातातला घास हातातच राहिला. "कुणाला हवेत?" तिनं विचारलं. शमुवेल खाली ताटाकडं बघत हसला, त्याचे कान लाल झाले. साठीच्या पुढच्या माणसाचे कान. "शाळेत एक बाई आहेत. भावाचं काम केलं त्यांनी. बघायला कडक आहेत, पण मनानं तशा नाहीत."

म्हणजे गोष्ट संपली नव्हती. साधना हात धुताना नळ बंद करायची विसरली. प्रवेशानं गोष्ट संपत नव्हतीच, ती पुढं जात होती, आणि ही एवढी साधी गोष्ट आपल्याला दोन दिवस कळली नाही. कारण प्रवेशानंतरच्या सोमवारी तो पेरू घेऊन आला होता. अंबूताई परत आल्या होत्या, खुर्चीत बसल्या होत्या, साधना हजेरीपट घेऊन बाजूला उभी होती, बिनपरवानगी दिलेल्या प्रवेशाबद्दल बोलणी खायची बाकी होती, आणि हा कापडी पिशवी घेऊन दारात. सगळं ऑफिस पेरवाच्या वासानं भरून गेलं. तो सरळ तिच्यापुढं आला आणि पिशवी पुढं केली. काय बोलायचं ते त्याचं पाठ होतं आणि ते तो विसरला, नुसता उभा राहिला. उन्हाळ्यात त्यांचं लग्न झालं. साधनानं पदराला हात पुसले आणि बाहेर येऊन म्हणाली, "सुभाष रोडला मिळतात. चला, मी दाखवते." रविवार संध्याकाळची सुभाष रोडची गर्दी, तिनं त्याच्या कोपराला धरलं होतं आणि तो ते धरू देत होता, परक्या बाईचा हात म्हणून अंग चोरत होता पण धरू देत होता. पेरूवालीपाशी तो उकिडवा बसला. एक एक पेरू हातात घेऊन, वास घेऊन, नखानं देठ बघून निवडायला लागला, जसा तो कारखान्यात सुटे भाग निवडत असेल. "हा कसा, अक्का?" "चांगला आहे." "नाही, डाग आहे. त्यांना डागाचा नको." पेरूवाली म्हणाली, "यारिगे री, अज्जा? कुणाला एवढं निवडून?" तो उत्तर द्यायला लाजला. साधना म्हणाली, "त्यांच्या ठरलेल्या बाईला." आणि तिला इतका आनंद झाला, भर रस्त्यात, की तिला स्वतःचीच शरम वाटली. उद्या तो हे घेऊन माझ्याकडं येणार. उद्या तो ऑफिसात येईल, पेरू देईल, मी घेईन, आणि मग पुढचं सगळं आहेच की, संध्याकाळी कारखान्याच्या बसची वाट बघणं, त्याच्या आईची भीती, लग्न, पहिली खोली, रूथ. एक एक करत तो सगळं चालत येईल माझ्यापर्यंत. डॉक्टरांना काय कळतंय.

सोमवारी तिनं पिवळी साडी नेसली, बारीक काठाची. पेरू आले त्या सोमवारी नेसलेली ती नव्हे, ती केव्हाच विरली, पण पिवळी. प्रार्थनेच्या वेळी पोरं कुजबुजली, मॅडमचा वाढदिवस आहे काय. पहिल्या तासाला दहावीच्या वर्गावर गेली, शिकवलं काय ते तिला आठवत नाही. मधली सुट्टी झाली, संपली, घंटा झाली. प्रियांका सराव परीक्षेचं वेळापत्रक घेऊन आली आणि टेबलाच्या बाजूला उभी राहून सांगायला लागली की गणिताच्या आदल्या दिवशी सुट्टी हवी, पालक ओरडतायत. साधना हो हो म्हणत होती. दारात सावली पडली. "आत येऊ का?" त्यानं पांढरा शर्ट घातला होता, दुर्गव्वानं केसांना पाणी लावून भांग पाडून दिला होता, छातीशी कापडी पिशवी धरली होती दोन्ही हातांनी. साधना उठून उभी राहणार होती, तेव्हा आपण उभ्याच होतो म्हणून, पण रोज तो आपल्याला खुर्चीतच बघतो हे आठवलं, मग खुर्चीतच राहिली. "या," ती म्हणाली. तो आत आला. त्यानं तिच्याकडं बघितलं, अदबीनं मान लववली, जशी वरिष्ठ बाईपुढं लववावी तशी, आणि तिच्यावरून नजर काढून तो टेबलाला वळसा घालून प्रियांकापुढं जाऊन उभा राहिला. पिशवी पुढं केली. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तो काहीतरी बोलणार होता आणि ते विसरला.

प्रियांका गोंधळली. "अय्यो अंकल, हे कशाला," म्हणाली, आणि साधनाकडं बघितलं. साधनाला राग आला. मत्सर वाटला, होय, मत्सरच, आपल्या मुलीपेक्षा लहान असलेल्या या पोरीचा, तिच्या केसांतल्या क्लिपचा, तिच्या उभं राहण्याचा. उठावं आणि ती पिशवी ओढून घ्यावी, अहो मी इथं आहे, बघा की जरा इकडं, असं ओरडावं असं तिला वाटलं. आणि त्याच वेळी तिला अंबूताई दिसल्या. इतकी वर्षं त्या सोमवारच्या आठवणीत अंबूताई होत्या, पण खुर्ची होती तशा होत्या, टेबल होतं तशा. तोंड कधी दिसलं नव्हतं. आता दिसलं. जन्मभर शाळेला दिलेली, पांढऱ्या साडीतली, लग्न न केलेली बाई, समोर एक तरुण माणूस दुसऱ्याच कुणासाठी पेरू घेऊन उभा, आणि ती पोरगी आपल्याकडं बघतेय, घेऊ का नको. अंबूताईंच्या हातात होतं ते. त्या नियम सांगू शकत होत्या, प्रवेश रद्द करू शकत होत्या, पोरीला वर्गावर पाठवू शकत होत्या. साधना वाट बघत राहिली की आपल्या तोंडून काय निघतंय. निघालं ते अंबूताईंचंच होतं, त्यांच्याच जरा त्रासिक आवाजात. "घे की गं. माणसानं एवढ्या लांबनं आणलेत."

प्रियांकानं पिशवी घेतली. शमुवेलचा श्वास सुटला, सगळ्या खोलीला ऐकू आला. मग त्याला काहीतरी आठवलं, त्यानं पिशवीत हात घालून एक पेरू काढला, बारकाईनं पाहून, आणि टेबलावर साधनापुढं ठेवला. "मोठ्या बाई, तुम्हीपण एक घ्या." तेव्हाही असाच एक ठेवला होता, अंबूताईंनी तो खणात टाकला होता आणि पुढं कितीतरी दिवस त्या खणातून हजेरीपट काढताना वास यायचा. साधना म्हणाली, "देवाचा आशीर्वाद असो." तो "बर्तीन्री" म्हणून निघाला, येतो म्हणून, दारात थांबून एकदा वळून प्रियांकाकडं बघितलं, आणि व्हरांड्यातून दुर्गव्वाबरोबर चालत गेला. प्रियांकाच्या डोळ्यांत पाणी होतं, तिला अर्धंमुर्धं कळलं होतं. "मॅडम, मी चुकले का? हे तुमचे आहेत, तुम्ही घ्या." "नको," साधना म्हणाली. "तुला दिलेत. घरी ने, मीठ लावून खा. गणिताच्या आदल्या दिवशी सुट्टी ठेव म्हणतेस ना? ठेव." आणि वेळापत्रकावर सही करून दिली.

संध्याकाळी ती वेळेवर घरी गेली. सात वाजायचे होते. शमुवेल सोप्यात येरझाऱ्या घालत होता, ती दिसताच पुढं आला. "अक्का, घेतले तिनं. मला वाटलं होतं, परत करेल. मोठ्या बाई समोरच होत्या, तरी घेतले." "हो का," साधना म्हणाली. चपला काढून ती आत गेली, पर्समधून तो पेरू काढला, चार फोडी केल्या, मीठ-तिखट लावलं आणि बशी घेऊन येऊन त्याच्यासमोर बसली. आत पांढरा होता, बिया कमी. तो एक फोड हातात घेऊन बसला, खाईना. "अक्का, तुम्ही वडीलधाऱ्या आहात म्हणून विचारतो. मी कारखान्यातला माणूस, ती शिकलेली. तिला शाळेचंच वेड आहे, ते दिसतंय मला. घराला वेळ देणं तिला जमणार नाही कदाचित. माझी त्याला काही हरकत नाही, मी थांबीन. पण विचारलं तर हो म्हणेल का ती?"

 बाहेर कुठं तरी मुलांचा आवाज येत होता, मैदानावरून, अंधार पडेपर्यंत हटायची नाहीत ती.

"हो," ती म्हणाली.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"बाईमाणसाला कळतं."

तो झटकन उठला, कोपऱ्यात चपला शोधायला लागला. "मग आत्ताच जाऊन विचारतो. असेल ना ती शाळेत?"

"शाळा सुटली आता," साधना म्हणाली. "बसा. आज नको, उद्या विचारा. आणि काय म्हणाली ते येऊन मला सांगा."

"उद्या," तो म्हणाला, आणि परत येऊन बसला. मग त्यानं फोड तोंडात टाकली, आणि बशी तिच्याकडं सरकवली.